दोन पाळणे आणि एक आजी

रायगडाच्या सावलीत वाढलेल्या आम्हा महाड-पोलादपूरच्या लोकांना हिरकणीची गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. कोजागिरीची रात्र, गडाचे मिटलेले दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि त्याच्या ओढीनं कडा उतरून गेलेली ती गवळण. पुढे महाराजांनी त्या जागी बुरूज बांधला असं सांगतात. तिच्या नावाची एस.टी. निघाली, स्टँडवर अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी हिरकणी कक्ष झाले. आईच्या मायेचं कौतुक करण्यात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. पण लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मला एक शंका यायची. त्या रात्री बाळाला घेऊन बसायला कुणीच कसं नव्हतं? चार घटका सांभाळणारं एखादं माणूस असतं, तर त्या बाईला कड्यावर जीव टांगणीला लावावा लागला नसता. बुरूज बांधणाऱ्याचं मन मोठं, यात वाद नाही. पण त्या रात्री तिला बुरजापेक्षा एखादी शेजारीण अधिक उपयोगी पडली असती.

ही जुनी शंका आता पुन्हा आठवायचं कारण म्हणजे आमच्या भागातल्या घरांत परदेशातून येणारे फोन. मुलगी किंवा सून परदेशी बाळंत होणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. महाडच्या बाजारपेठेत उभं राहून चार घरांची चौकशी करा. एक मस्कतला, एक दुबईला, एक न्यू जर्सीला, एक लंडनच्या उपनगरात, असं काहीतरी निघतंच. आणि या फोनांमध्ये अलीकडे एक वाक्य वरचेवर ऐकू येतं : ‘आई, दोन आहेत!’ पहिली पाच मिनिटं आनंदाची. देवापुढे साखर ठेवली जाते, शेजारी बातमी जाते. सहाव्या मिनिटाला प्रश्न येतो, ‘मग तू कधी निघतेस?’

आजचा लेख त्या सहाव्या मिनिटाबद्दल आहे.

जुळी पूर्वीपेक्षा जास्त दिसतात, हा केवळ आपला भास नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासानुसार, १९८० च्या दशकात दर हजार बाळंतपणांत साधारण नऊ जुळ्यांची असत, ती आता बारा झाली आहेत. जगात वर्षाला सुमारे सोळा लाख जोड्या जन्माला येतात. म्हणजे दर ४२ बाळांतलं एक बाळ जुळ्यांपैकी असतं. याची कारणं दोन. एक, मुली शिकतात, नोकऱ्या करतात, उशिरा आई होतात. आणि तिशी उलटलेल्या बाईच्या शरीरात एकाच महिन्यात दोन बीजं सुटण्याचा संभव मुळातच अधिक असतो. दुसरं कारण वंध्यत्वावरचे उपचार. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांना यश आलं. तेव्हापासून ज्यांची कूस उजवत नव्हती अशा किती तरी घरांत पाळणे हलले. एक तरी गर्भ रुजावा म्हणून पूर्वी दोन-दोन, तीन-तीन सोडत. त्यातून जुळी आणि तिळी वाढली. आता बहुतेक ठिकाणी डॉक्टर एकच सोडण्याचा आग्रह धरतात, तो उगाच नव्हे.

जुळ्यांचं कौतुक आपल्याला पूर्वापार आहे. आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध जुळे म्हणजे लव आणि कुश. पण ते अयोध्येच्या राजवाड्यात जन्मले नाहीत, वाल्मीकींच्या आश्रमात जन्मले. नकुल-सहदेवांचा जन्मही रानातलाच. म्हणजे घरापासून दूर, परक्या मुलखात जुळ्यांना जन्म देणं ही गोष्ट आपल्या पुराणांनाही ठाऊक आहे. आणि जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना ती नेमकी कुठे दुखते तेही ठाऊक होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या लाखभर ओव्यांमध्ये सीतेच्या वनवासाच्या ओव्या भरपूर आहेत. अयोध्येच्या राज्यकारभाराशी त्या बायकांना फारसं कर्तव्य नव्हतं. रानात त्या बाळंतिणीपाशी कोण होतं, तिचं कुणी केलं, याची त्यांना काळजी.

ही काळजी शहाणपणाची आहे. कारण बाळंतपणाला पैसा लागतो, दवाखाना लागतो, औषधं लागतात. पण सर्वांत जास्त लागतात ते हात. आणि परदेशात पहिल्या तिन्ही गोष्टी एक वेळ उत्तम मिळतात, हात मात्र मिळत नाहीत.

तीस वर्षं बँकेत काढलेली बाई मी. आकडेमोड केल्याशिवाय मला कुठलंच म्हणणं पटत नाही. माझ्या मुलीला न्यू जर्सीत जुळी झाली तेव्हा मी तिथे होते आणि पहिल्याच आठवड्यात एक वही घालून तिच्यात रोजकीर्द लिहायला लागले. कुणी किती वाजता दूध घेतलं, कुणाचा लंगोट किती वाजता बदलला. नावं ठेवायची होती, म्हणून एका पानावर ‘डावा’ आणि समोरच्या पानावर ‘उजवी’. हसू नका; रात्री तीन वाजता डोळे मिटत असताना आपण नुकतं कुणाला पाजलं हे आठवत नाही, आणि एकच बाळ दोनदा पिऊन दुसरं उपाशी राहणं ही कल्पनेतली गोष्ट नाही.

तर हिशेब असा. तान्हं बाळ दिवसातून आठ वेळा तरी दूध घेतं. दोन बाळांचे सोळा. पाजणं, ढेकर काढणं, पुन्हा निजवणं मिळून एका वेळेला चाळीस मिनिटं धरा : दहा तास चाळीस मिनिटं. लंगोट किमान वीस, प्रत्येकी पाच मिनिटं : एक तास चाळीस मिनिटं. तेल लावून दोघांच्या अंघोळी : दीड तास. बाटल्या उकळणं आणि कपडे धुऊन-वाळवून घड्या घालणं : दोन तास. बाळंतिणीचं आणि घरातल्यांचं रांधणं : अडीच तास. बेरीज अठरा तास वीस मिनिटं. एका माणसाची पाळी आठ तासांची धरली, तर सव्वादोन माणसांहून थोडं अधिक काम, तेही साप्ताहिक सुट्टी न धरता. आणि या बेरजेत बाळंतिणीची स्वतःची झोप, तिचे टाके, तिचं अकारण येणारं रडू, डॉक्टरांकडच्या खेपा यांतलं काहीच धरलेलं नाही. पोट फाडून बाळंत झालेल्या बाईला पहिले काही आठवडे तुम्ही या सव्वादोन माणसांत मोजू शकत नाही. मोजू नयेच.

दवाखान्याची गोष्टही अशीच. दोन बाळं म्हणजे खर्च दुप्पट, असा आपला साधा हिशेब. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुळ्यांचा आणि आईचा मिळून सगळा वैद्यकीय खर्च एका बाळाच्या बाळंतपणाच्या सुमारे पाचपट निघाला आणि तिळी किंवा त्याहून जास्त बाळं असतील तर वीसपट. याचं कारण उघड आहे. त्या देशात जुळ्यांपैकी साधारण साठ टक्के बाळं सदतीस आठवडे भरायच्या आत जन्मतात. मग काचेची पेटी आली, नळ्या आल्या, दिवसागणिक वाढणारं बिल आलं. विमा असतो, पण विम्यातली कुठली रक्कम आपल्या खिशातून जायची हे आधी वाचून ठेवावं लागतं, आणि आमची मुलं ते पत्रक बाळं आल्यावर उघडतात.

माझ्या तिथल्या मुक्कामात मला एका गोष्टीचं अप्रूप वाटलं, ते सांगायला हवं. तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांनी एक यादी करून डबे वाटून घेतले. सोमवारी एकीची पोळी-भाजी, मंगळवारी दुसरीची खिचडी. तीन आठवडे आमच्या घरी दुपारची चूल पेटली नाही. त्यांतल्या निम्म्या जणींना माझी मुलगी नावानंही ओळखत नव्हती. महाडात असते तर शेजारणींनी जे न सांगता केलं असतं, ते त्या बायकांनी यादी करून केलं. यादी केली म्हणून त्यातली माया कमी झाली नाही.

पण प्रत्येक गावी असं मंडळ नसतं आणि डबा ही तीन आठवड्यांची सोय. त्यानंतर उरते आजी. आमच्याकडची रीत ठरून गेली आहे : पहिले सहा महिने आई, पुढचे सहा महिने सासू. अमेरिकेत पाहुण्यांना एका वेळी साधारणपणे सहा महिनेच राहू देतात, त्यामुळे व्हिसाच्या मुदतीनंच आज्यांच्या पाळ्या लावून टाकल्या आहेत. एक आजी विमानात चढते तेव्हा दुसरी उतरत असते. माझ्या माहितीतल्या पोलादपूरकडच्या एक बाई अशाच गेल्या. घरी भातशेती, दोन गुरं, मधुमेहाचा नवरा. भर थंडीत त्या तिकडे उतरल्या. दार उघडून बाहेर पाय टाकायची सोय नाही, शेजारणीशी बोलायला भाषा नाही. सव्वा महिना शेक-शेगडी केल्याशिवाय त्यांना चैन पडेना आणि घरात धुरी दिली की छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागे. शेवटी गरम पाण्याच्या पिशवीवर तडजोड झाली. हे सगळं त्या परत आल्यावर हसत सांगायच्या. हसून झाल्यावर एकदा म्हणाल्या, ‘वहिनी, सहा महिन्यांत मला कुणी बस म्हणालं नाही. म्हणजे बसू नको असंही कुणी म्हणालं नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.’

माझं सगळं म्हणणं या तीन वाक्यांत आहे. मुलं वाईट नसतात. ती स्वतः दमून चूर झालेली असतात. पण आजीचे हात हे विहिरीच्या पाण्यासारखे आपोआप भरून येतात, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, असं एकदा म्हटलं की पुढचं काही विचारायचं कारण उरत नाही. आता साठी-पासष्टीच्या बाईचे गुडघे कसे आहेत, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या सहा महिन्यांच्या बरोबर दिल्यात का, परदेशात तिला काही झालं तर खर्च कुणी करायचा, हे प्रश्न सायीच्या खाली राहून जातात. प्रवासाचा विमा काढतात, पण आधीपासून असलेल्या दुखण्यांचा खर्च अनेक पॉलिसींत वगळलेला असतो, ही ओळ कुणी वाचत नाही. आणि इकडे मागे राहिलेल्या म्हाताऱ्याच्या जेवणाचं काय, हे तर विचारायचंच नसतं.

‘म्हणून मुलींनी बाळंतपणाला माहेरीच यावं,’ असं आमच्याकडची वडीलधारी माणसं चटकन म्हणतात. एका बाळाच्या वेळी ते जमूही शकतं. जुळ्यांच्या बाबतीत त्याला विमान आडवं येतं. एका बाळाची गर्भवती असेल तर बऱ्याच विमान कंपन्या छत्तीस आठवड्यांपर्यंत प्रवासाला हरकत घेत नाहीत; जुळी असतील तर ही मर्यादा सहसा बत्तीस आठवड्यांवर येते. आपण ओटीभरण, डोहाळजेवण करतो सातव्या महिन्यात. म्हणजे हिरव्या साडीचे फोटो पाठवून होईपर्यंत यायची मुदत संपतच आलेली असते. म्हणून यायचं की नाही हे चौथ्या-पाचव्या महिन्यात ठरवावं लागतं, आणि तेही डॉक्टरांना विचारून. त्यासाठी एक गोष्ट आधी कळलेली बरी : दोन बाळांना वार एक आहे की दोन. तिसरा महिना सरता-सरता होणाऱ्या सोनोग्राफीत हे नीट दिसतं. वार एकच असली तर एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वळण्याचा धोका असतो, तपासण्या जास्त वेळा कराव्या लागतात आणि बाळंतपणही लवकर करतात. अशा बाईनं माहेरच्या ओढीनं प्रवासाचं वेड घेऊ नये.

शिवाय, माहेरी तरी हात कुठे शिल्लक आहेत? हा प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारत नाही. आमचा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या चाकरमान्यांचा. पुरुष मुंबईला, बायका-म्हातारे घरी, हे चित्र माझ्या आजोबांच्या वेळेपासूनचं. नंतर तरुण बायकाही गेल्या. वाडीत उरली म्हातारी माणसं. पूर्वीची सुईण आता नाही, आणि नाही ते बरंच. कारण जुळ्यांचं बाळंतपण घरी करायची गोष्टच नव्हे. पण कुडपणसारख्या डोंगरातल्या गावच्या मुलीच्या पोटात दोन बाळं आहेत असं कळलं, तर तिलाही दूर जावंच लागतं. पोलादपूर किंवा महाडच्या ग्रामीण रुग्णालयातून माणगावला, तिथून अलिबागला, नाहीतर थेट मुंबईला. पोलादपूरहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या पलीकडे. २०२१ च्या जुलैत महाड पुराच्या पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, तेव्हा या भागातले रस्ते कसे तुटले ते आपण पाहिलं आहे. अशा पावसात दिवस भरलेल्या बाईला अलिबागही परदेशच.

आणि आणखी एक परदेश आहे. बँकेच्या महाड शाखेत असताना मी तो रोज पाहत होते. आखातातून येणाऱ्या पैशांवर आमच्या अनिवासी खात्यांच्या ठेवी वाढत होत्या. पैसे काढायला येत त्या घरच्या बायका. कडेवर मूल, कधी एक कडेवर आणि एक हाताशी. तिकडे कुटुंब न्यायचं तर ठरावीक पगार दाखवावा लागतो. ज्यांचा तेवढा नाही त्यांची बायको इथे बाळंत होते आणि बाप तिकडून पैसे पाठवतो. पूर्वी तो बाळाचा फोटो टपालानं पाहायचा, आता फोनवर हलतं-बोलतं बाळ पाहतो. फरक एवढाच. परदेशी बाळंतपण म्हणजे नेहमी बाईच परदेशी असते असं नाही. कधी बाप परदेशी असतो. हातांची तूट दोन्हीकडे सारखीच.

पण या मुलखात एक गोष्ट अशी आहे, जी अमेरिकेतल्या भल्याभल्या दवाखान्यांत माझ्या मुलीला मिळाली नाही. इथे बाळंतीण घरी आल्यावर गावची आशाताई ठरल्या दिवशी दारात येते. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा तिच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत. बाळाचं वजन करते, अंग गरम-गार बघते, आईला बरं आहे का विचारते. तिला मिळणारं मानधन तुटपुंजं आहे, तिच्यावर कामांचा डोंगर आहे, सगळीकडे हे नीट होतं असंही नाही. तरीही सरकारनं बाळंतिणीच्या घरी एक माणूस पाठवायचं, हा विचार मोलाचा आहे. हॉलंडमध्ये हाच विचार पुढे नेला आहे. तिथे बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस शिकलेली दाई रोज काही तास घरी येते, बाळाचं करते, आईला विश्रांती देते आणि त्याचा बहुतांश भार आरोग्य विम्यातून उचलला जातो. तिथे हे नात्यावर सोडलेलं नाही, व्यवस्थेत बसवलं आहे.

रजेच्या कायद्यांचंही तसंच आहे. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, ही चांगलीच गोष्ट. पण बाळ एक असो की दोन, रजा तेवढीच. इंग्लंडातही बावन्न आठवडे आणि तिथेही बाळं मोजत नाहीत, बाळंतपण मोजतात. दुबई-अबुधाबीकडे खासगी नोकरीत आईला साठ दिवस. अमेरिकेतल्या १९९३ च्या राष्ट्रीय कायद्यानं बारा आठवडे नोकरी राखून ठेवण्याची हमी दिली, पण पगाराची दिली नाही आणि लहान कंपन्यांना तीही लागू नाही. स्वीडनचं उदाहरण मात्र लक्षात ठेवण्यासारखं. तिथे एका बाळासाठी आई-बापांना मिळून ४८० दिवसांची रजा-भत्ता आहे आणि जुळी झाली तर त्यात १८० दिवस वाढवून मिळतात. शिवाय २०२४ च्या जुलैपासून आई-बाप आपल्या वाट्याचे काही दिवस आजी-आजोबांच्या नावे करू शकतात. तिथल्या रहिवासी आजीला नातवंडं सांभाळल्याबद्दल सरकारी भत्ता मिळतो! आमच्या पोलादपूरच्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली.

आपल्याकडे असा भत्ता मिळेल तेव्हा मिळो. तोवर घरातल्या घरात जे करता येईल त्याबद्दल बोलू.

पहिला हात बापाचा. यात मी कुणाला उपदेश करत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. दिवस पुरे न भरता जन्मलेल्या बाळाला उघड्या छातीवर घट्ट धरून ऊब द्यायची पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात पुढे आली, कारण तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. आज जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते. तिला नाव आहे कांगारू मातेचं, पण छाती आईचीच पाहिजे असा काही नियम नाही. जुळ्यांपैकी एक आईपाशी आणि एक बापापाशी, यासारखी दुसरी शेगडी नाही. माझ्या जावयानं चार आठवड्यांची रजा घेतली आणि रात्रीची पाळी अंगावर घेतली. पहिल्या दोन रात्री त्याला लंगोटाची बाजू कळेना. तिसऱ्या रात्री कळली. यात अवघड असं काही नसतं. फक्त कुणीतरी ‘राहू दे, तुला नाही जमायचं’ असं म्हणून ते काम त्याच्या हातून काढून घ्यायचं नसतं. आणि खरं सांगायचं तर ते काढून घेणाऱ्या बहुतेक वेळा आम्ही आज्याच असतो.

दुसरा हात पगाराचा. आठवड्यातून तीन दिवस घरकामाला माणूस ठेवलं तर आपण कमी पडलो असं मुलींना वाटतं. खोलीच्या रंगावर, दोन-दोन पाळण्यांवर, बारशाच्या हॉलवर खर्च करताना मात्र तसं वाटत नाही. बाळंतविड्याचा खर्च मांडताना पहिल्या तीन महिन्यांच्या मदतनिसाचा पगार सर्वांत वर लिहावा, पाळणे खाली.

तिसरा हात आजीचा, पण विचारून. ‘कधी निघतेस’ असं नव्हे, ‘येशील का, किती दिवस जमेल, तुला काय लागेल’ असं. तिचा विमा वाचून काढावा. तिच्या मागे घरी कोण, याची सोय मुलानं-मुलीनं मिळून करावी. आठवड्यातला एक दिवस तिचा असावा आणि त्या दिवशी तिला कुणीतरी बाहेर नेऊन आणावं. हातखर्चाचे पैसे तिच्या हाती असावेत. मागावे लागू नयेत. बँकेत मी किती तरी बायका पाहिल्या, ज्यांच्या नावावर ठेव होती आणि पाकिटात दहाची नोट नव्हती.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी. डिंकाचे लाडू घेऊन आखातात जाणार असाल तर त्यात खसखस घालू नका. अमिरातीत आणि सौदीत खसखशीला बंदी आहे आणि तिथल्या विमानतळावर ‘लेकीच्या बाळंतपणासाठी आणली’ हे कारण चालत नाही. आणि बाळं भारतीय नागरिक राहायची असतील तर त्यांच्या जन्माची नोंद वर्षाच्या आत तिथल्या भारतीय वकिलातीत करून घ्या. वर्ष उलटलं की दिल्लीची परवानगी लागते. जुळ्यांचे अर्ज दोन, फोटो दोन, शुल्कही दोनदा. फोटोमागे नाव लिहून ठेवा. अगदी एकसारखी असली तर एकाच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिशचा ठिपका लावा. वकिलातीतला कारकून आजीची खूणगाठ ओळखत नाही.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली सातासमुद्रापार गेल्या, डॉक्टर झाल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला, तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. स्वतःचं बाळ दहा दिवसांत गमावलेली ही मुलगी तेव्हा विशीत होती. बाळंतपण हा अभ्यासाचा, व्यवस्थेचा, आधी विचार करून ठेवण्याचा विषय आहे. केवळ मायेवर आणि नशिबावर सोडण्याचा नाही, हे तिला कळलं होतं. आपण सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही दवाखान्यापुरता तो विचार करतो आणि दवाखान्याच्या दारातून बाहेर पडलं की पुढचं सगळं आजीवर सोपवून मोकळे होतो.

आज्या जाणारच. मीही पुन्हा जाईन; माझ्या डाव्या-उजवीला आता दात आले आहेत आणि फोनवर ती माझं ऐकत नाहीत. नातवंडांच्या अंगाचा तो वास कुठल्याही हिशेबात बसत नाही, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून माझं मागणं लहानसंच आहे. आजीचं जायचं तिकीट डॉक्टरांनी दिलेल्या तारखेप्रमाणे काढा. परतीचं मात्र ती सांगेल त्या तारखेचं काढा.